स्प्रिंगला ४६ हजार घालायचे का? आणि हो, ती एफडी नाहीये

साताऱ्याहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३६, एमआयडीसीत नोकरी, घरी बायको, दोन मुलं, आईवडील, घराचं ३१ लाखाचं लोन बाकी. सहा वर्षं जुन्या पेट्रोल गाडीला गेल्या वर्षी बाहेरून सीएनजी किट बसवलं, ६५ हजार गेले. तेव्हापासून डिकीत सिलिंडर आणि मागच्या सीटवर तिघं असले की गाडी मागून बसते आणि पाटणकडे गावी जाताना प्रत्येक स्पीडब्रेकरला खालून घासते. गॅरेजवाल्याने चारही कडक आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीच्या नसलेल्या, स्प्रिंग, फिटिंग, माउंटिंग, अलाइनमेंट सगळं धरून ४६ हजार सांगितलेत. घालावेत का, एवढाच प्रश्न. आणि मग शेवटी जाता जाता एक ओळ: "पैशाचं टेन्शन नाही सर, बँकेतल्या मॅडमनी वर्षाला ९६ हजाराची एफडी करून दिलीय, तिच्यावर लोन काढतो."

स्प्रिंगचं आधी उरकू. नका घालू, चार तर नकोच. गाडी मागून बसतेय ना, मग पुढच्या दोन कशाला बदलायच्या? मजुरी जाते ती पुढच्यांनाच, कारण तिथे स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंगचा एकत्र जोड, उतरवून कॉम्प्रेसरने स्प्रिंग दाबावी लागते. मागे तुमच्या गाडीसारख्या बीमवाल्या, म्हणजे मागची दोन्ही चाकं एका आडव्या दांड्याने जोडलेल्या, गाडीत शॉकअपचे खालचे बोल्ट काढून बीम खाली घेतला की स्प्रिंग जवळजवळ हातातच येते. शिवाय कडक स्प्रिंगला जुने शॉकअप पुरत नाहीत, गाडी उड्या मारायला लागते आणि मग शॉकअपचं बिल येतं, जे आजच्या कोटेशनमध्ये नाही. स्प्रिंग कडक केली म्हणून गाडीची वजन वाहायची लिमिट वाढत नाही, ब्रेक तेच, टायर तेच. सहा वर्षांत स्प्रिंग थकल्यात, मागची कंपनीचीच जोडी नवी घाला, अलाइनमेंट करा, सात-आठ हजारात भागेल.

दुसरा हिशोब बघा. तुम्ही महिन्याला १,२०० किलोमीटर चालवता. पेट्रोलवर किलोमीटरला साडेसहा रुपये, सीएनजीवर चार, म्हणजे महिन्याला ३ हजार वाचतात. ६५ हजाराचं किट वसूल व्हायला पावणेदोन वर्षं. त्यात अजून ४६ हजार घातले की आणखी १५ महिने, म्हणजे तीन वर्षं होतात आणि तोपर्यंत गाडी आठ-नऊ वर्षांची झालेली असेल.

आणि त्या किटबद्दल लिहिलंय, "आरसीवर चढवायचं राहिलंय, फिटर म्हणाला नंतर बघू." नंतर कधी? किट आरसीवर नाही आणि विमा कंपनीलाही माहीत नाही, अशा गाडीला उद्या काही झालं तर सर्व्हेअर डिकी उघडून सिलिंडर बघणार आणि क्लेम तिथेच अडकणार. पॉलिसीत किट जोडायला किटच्या किमतीच्या साधारण ४ टक्के लागतात, म्हणजे २,६०० रुपये, वर थर्ड पार्टीचे ६०. एवढ्यासाठी सगळी गाडी उघड्यावर? किटचं बिल आणि सर्टिफिकेट घेऊन आधी आरटीओत जा, मग विमा कंपनीकडे, हे स्प्रिंगच्या आधी. सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रोटेस्टही, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता ती एफडी. तुम्ही जोडलेला फोटो मी मोठा करून बघितला, त्यावर चक्क 'लाइफ अश्युअर्ड' आणि खाली तुमचं नाव आहे. लाइफ अश्युअर्ड म्हणजे ज्याचा विमा उतरवलाय तो. एफडीला लाइफ अश्युअर्ड नसतो हो, ठेवीदार असतो! ही विमा पॉलिसी आहे. १२ वर्षं दर मार्चला ९६ हजार भरायचे, २० वर्षांनी २२ लाख मिळतील म्हणे, आणि विमा दहा लाखाच्या आत. मॅडम म्हणाल्या "८ टक्के आरामात सुटतात". हे ८ टक्के कुठून आले तेही फोटोतच दिसतंय. बेनिफिट इलस्ट्रेशनमध्ये, म्हणजे पॉलिसीतून किती मिळू शकेल त्या तक्त्यात, दोन रकाने असतात, एक ४ टक्क्यांचा, एक ८ चा. कंपनीच्या फंडाने खर्च वजा जाण्याआधी इतकं कमावलं तर काय होईल, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या हातात पडणारं व्याज नाही ते. आणि २२ लाख हे त्या ८ च्या रकान्यातले आहेत, त्यातला बोनसही खात्रीचा नाही, शेजारचा ४ चा रकाना तुम्हाला कोणी दाखवलाच नसणार.

बरं, धरू २२ लाख मिळाले. भरणार साडेअकरा, मिळणार २२, जवळजवळ दुप्पट, ऐकायला छान वाटतं. पण पैसे येणार २० वर्षांनी, त्यामुळे पडतं वर्षाला साडेचार टक्के. खरीखुरी एफडी केली असती तरी यापेक्षा जास्त मिळालं असतं.

लोनचंही विसरा. एकच हप्ता भरलाय, त्यावर सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केली तर हातात येणारी रक्कम, तुटपुंजी आणि लोन मिळतं ते तिच्यावर, भरलेल्या ९६ हजारांवर नाही.

मग आता थांबायचं की भरत राहायचं? सगळे म्हणतात "भरलेले बुडतील ना सर". बुडाले असं धरूनच हिशोब करतो. पहिला हप्ता शून्य समजा. येत्या मार्चपासूनचे ११ हप्ते, वर्षाला ९६ हजार. त्यातल्या १५ हजारात तुमच्या वयाला एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे तुम्ही गेलात तरच घरच्यांना पैसे देणारा निव्वळ विमा, मिळायला हरकत नाही. राहिले ८१ हजार ते पीपीएफमध्ये, ७.१ टक्के धरले तर त्याच तारखेला पावणेचोवीस लाखाच्या आसपास होतात. सरकार हा दर दर तिमाहीला ठरवतं, तो साडेसहावर आला तरी २२ लाखाच्या बरोबरीने. म्हणजे पहिले ९६ हजार पाण्यात गेले तरी तुम्ही मागे पडत नाही, वर एक कोटीचा विमा. शेवटची आठ वर्षं टर्मचे १५ हजार खिशातून जातील, ते मान्य, पण त्या वयात मुलांच्या फिया आणि घराचा हप्ता चालू असला तरी तेवढं काढता येतं. पंधरा वर्षांनी पीपीएफ संपल्यावर पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवायचं, बस.

आणि हा टर्म प्लॅनच या पत्रातला खरा विषय आहे, तुम्ही त्याबद्दल एक अक्षर विचारलेलं नाही. ३१ लाखाचं लोन, कमावणारे तुम्ही एकटे, आणि तुमच्या मागे घरच्यांना मिळणार दहा लाख. बँक आपले वसूल करणारच, मग घर विकायचं की सासऱ्यांकडे मागायचं, हा निर्णय बायकोवर येतो.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी टर्म प्लॅन, तो हातात पडेपर्यंत जुन्या पॉलिसीला हात लावू नका. मग कंपनीकडून सरेंडरचा आकडा लेखी मागा, तोंडी नको. एक पूर्ण वर्षाचा हप्ता भरलेल्या पॉलिसीलाही वर्ष संपल्यावर थोडं सरेंडर मूल्य द्यायचा नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून आहे, तुमची त्यानंतरचीच आहे. फ्री-लूकचे, म्हणजे पॉलिसी परत करून पैसे मागायचे, ३० दिवस उलटून गेलेत, पण मॅडमचे "एफडीसारखंच आहे, बिनधास्त करा" हे व्हॉट्सॲप मेसेज तुमच्याकडे आहेत असं तुम्हीच लिहिलंय, ते डिलीट करू नका. त्यांचे स्क्रीनशॉट लावून विमा कंपनीकडे फसवून विकल्याची तक्रार टाका, बँकेलाही प्रत द्या, पूर्ण पैसे परत मागा. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर पुण्याचा विमा लोकपाल आहे, फी नाही, वकील लागत नाही. मिळतीलच असं मी सांगत नाही, पण अर्ज टाकायला काय जातंय.

टर्मचा फॉर्म मात्र बँकेतल्या कुणाला भरायला देऊ नका, स्वतः बसून भरा. बीपीची गोळी चालू आहे म्हणता, ते लिहा, तंबाखू असेल तर तेही लिहा. प्रीमियम दोन-चार हजारांनी वाढेल, वाढू द्या.