ईगल्सच्या आधीचं कंट्री रॉक: पेडल स्टीलचा माग धरून

"कंट्री रॉक ईगल्सनीच सुरू केलं ना? आणि इतकी वेगळी दोन संगीतं जुळली तरी कशी?" असं तुम्ही विचारलंय. नाही, 'हॉटेल कॅलिफोर्निया'वाल्या ईगल्सनी सुरू केलं नाही. त्यांचा पहिला अल्बम १९७२ चा. तोवर पायाभरणी होऊन गेली होती आणि त्या पायाभरणीतलेच दोन गडी ईगल्समध्ये आले: फ्लाइंग बरिटो ब्रदर्समधून बर्नी लेडन आणि पोकोमध्ये सुरुवात केलेला रँडी माइस्नर.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल सांगायचं तर ही दोन संगीतं, म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतलं कंट्री आणि रॉक, मुळात परकी नव्हतीच. १९५४ मध्ये मेंफिसच्या सन कंपनीने एल्विस प्रेस्लीची पहिली रेकॉर्ड काढली. तिच्या एका बाजूला ब्लूज होतं आणि दुसऱ्या बाजूला बिल मन्रोचं ब्लूग्रास गाणं (ब्लूग्रास म्हणजे बँजो-मँडोलिनवरचं वेगवान कंट्री, आणि मन्रो त्याचा जनक). म्हणजे घर एकच होतं, वाटण्या नंतर झाल्या. साठच्या दशकात कंट्रीची राजधानी असलेल्या नॅशव्हिलचं कंट्री व्हायोलिनच्या ताफ्यात आणि कोरसमध्ये गुळगुळीत झालं. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या लांब केसांच्या पोरांना ते आईबापांचं, जुन्या वळणाचं संगीत वाटायचं, आणि कंट्रीवाल्यांनाही ही पोरं डोळ्यांसमोर नको असायची. अडचण सुरांची नव्हतीच, माणसांची होती.

म्हणूनच हे संगीत नॅशव्हिलमध्ये न जन्मता लॉस एंजेलिसमध्ये जन्मलं. तिथून गाडीने दोनेक तासांवर बेकर्सफील्ड आहे. १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी आणि मंदीने देशोधडीला लागलेली ओक्लाहोमाकडची कुटुंबं कापसाच्या शेतांत आणि तेलविहिरींवर कामाला तिकडे आली. त्यांच्या बारमध्ये बक ओवेन्स आणि मर्ल हॅगार्ड तयार झाले. त्यांची टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार कडक वाजायची, ड्रम ठणठणीत असायचे, व्हायोलिनचा गोडवा नसायचा. बीटल्सनी १९६५ मध्ये बक ओवेन्सचं एक गाजलेलं गाणं रिंगोकडून गाऊन घेतलं, ते उगीच नाही.

आता मुख्य प्रसंग. १९६८ च्या सुरुवातीला ग्रॅम पार्सन्स नावाचा २१ वर्षांचा, जॉर्जियात वाढलेला मुलगा बर्ड्स या लॉस एंजेलिसच्या रॉक बँडमध्ये दाखल झाला. बँडचा म्होरक्या रॉजर मॅग्विनच्या डोक्यात ब्लूग्रासपासून इलेक्ट्रॉनिक संगीतापर्यंतचा दुहेरी अल्बम होता. पार्सन्सने तो बेत कंट्रीकडे वळवला आणि त्याला साथ होती बर्ड्सचाच बास वादक क्रिस हिलमनची. हिलमन कोवळ्या वयापासून ब्लूग्रास मँडोलिन वाजवत होता. माझ्या मते पार्सन्सच्या दंतकथेखाली हिलमनचं श्रेय पार दबून गेलंय, आणि ते मला खरंच लागतं.

मार्च १९६८ मध्ये हे लोक नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर उभे राहिले. कंट्रीवाल्यांसाठी ती जागा म्हणजे देऊळच. प्रेक्षकांतून टोमणे आले. मर्ल हॅगार्डचं गाणं ठरलेलं असताना पार्सन्सने ऐनवेळी ते बाजूला ठेवलं आणि आजीची आठवण काढून स्वतःचं गाणं गायलं. ऑप्रीची मंडळी भडकली. ऑगस्टमध्ये 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' आला आणि बिलबोर्डच्या यादीत ७७ व्या क्रमांकाच्या वर सरकला नाही. रॉकवाल्यांना तो फार कंट्री वाटला आणि कंट्रीवाल्यांना हे लोकच नको होते. त्यात जुन्या कराराच्या भांडणामुळे पार्सन्सचा आवाज काही गाण्यांवरून काढून तिथे मॅग्विनचा घातला होता. मूळ आवाजातली ध्वनिमुद्रणं पुढे बाहेर आली आहेत, ती जरूर ऐका.

ऐकताना मात्र गायकापेक्षा पेडल स्टील गिटारचा माग धरा. ती स्टँडवर आडवी असते, बहुधा दहा तारांची. डाव्या हातात धातूची कांडी, उजव्या हाताने छेडायचं, पायाखाली पेडल आणि गुडघ्यांपाशी दांडे. पेडल दाबलं की ठराविक तारेचा स्वर चढतो. आपल्या कानाला आधी मींड ऐकू येते, पण नीट ऐका: दोन तारा जागच्या जागी थांबलेल्या असतात आणि तिसरी त्यांच्या अंगावरून चढत जाऊन नवी सुरावट जुळवते. कांडी सरकवून वाजवायची ही पद्धत हवाई बेटांवरून आली. हिंदी गाण्यांच्या हवाईयन गिटारवरच्या रेकॉर्ड्स तुमच्या घरी वाजल्या असतील, तर ही त्यांचीच चुलत बहीण.

या आवाजाचं वेड किती असावं? गिटारवादक क्लॅरेन्स व्हाइटला तो साध्या टेलिकास्टरवर हवा होता. त्याच्यासाठी जीन पार्सन्सने (ग्रॅमशी नातं नाही, आडनाव तेवढं एक) गिटारच्या पोटात एक यंत्रणा बसवली. गिटारची मान खाली दाबली की खांद्यावरचा पट्टा आतला दांडा ओढतो आणि दुसरी तार एक पूर्ण स्वर वर जाते. दोघंही पुढे बर्ड्समध्ये आले.

पार्सन्स आणि हिलमन यांनी बर्ड्स सोडून फ्लाइंग बरिटो ब्रदर्स काढला. १९६९ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमवर स्नीकी पीट क्लाइनाउने पेडल स्टील फझमधून (आवाज फाटका, खरखरीत करणाऱ्या यंत्रातून) घातली, तेव्हा ती पिसाळल्यासारखी वाजते. मुखपृष्ठावर त्यांचे कंट्री गायकांच्या थाटाचे भरतकाम केलेले सूट आहेत. पार्सन्सच्या सुटावर अफूची फुलं, गोळ्या आणि गांजाची पानं, पाठीवर मोठा क्रूस. तोही अल्बम फारसा खपला नाही. पार्सन्स १९७३ मध्ये २६ व्या वर्षी गेला.

पण सगळं त्याच्याच नावावर मांडू नका. बॉब डिलनने १९६७ मध्येच नॅशव्हिलमध्ये केलेल्या अल्बमच्या शेवटच्या दोन गाण्यांत पीट ड्रेकची पेडल स्टील आहे. बर्ड्समधून बाहेर पडलेला जीन क्लार्क आणि मंकीज बँडचा मायकेल नेस्मिथ यांनाही शोधून ऐका.

आणि सगळ्यात शेवटी निटी ग्रिटी डर्ट बँडचा १९७२ चा तीन रेकॉर्ड्सचा संच ऐका. त्याचं ध्वनिमुद्रण १९७१ मधलं. ऑप्रीच्या त्या प्रसंगानंतर साधारण साडेतीन वर्षांनी, नॅशव्हिलमध्येच, कॅलिफोर्नियाच्या या लांब केसांच्या पोरांसोबत मेबेल कार्टर आणि रॉय एकफ हे जुने कंट्री दिग्गज बसले. बिल मन्रोने नकार दिला. गाण्यांच्या मधलं बोलणं त्यात तसंच ठेवलंय. गिटारवादक डॉक वॉटसनने दुसरा गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस याच्या नावावरून आपल्या मुलाचं नाव ठेवलं होतं. वॉटसन आणि ट्रॅव्हिस तिथे पहिल्यांदा भेटतात, तेही ऐकू येतं.