कॅनोनेटसाठी फ्लॅश: ताकदीआधी सेन्सर बघा

कॅमेरा कॅननचा जुना फिल्म कॅमेरा कॅनोनेट क्यूएल१७ जी-३, रोल आयएसओ ४०० चा कलर निगेटिव्ह, काम गणपतीत घरातल्या फोटोंचं, आणि निवड नवा गोडॉक्स टीटी६०० की ओळखीतला जुना व्हिव्हिटार २८३ अशी. माझं मत विचाराल तर दोन्ही नकोत. समोर प्रकाश मोजणारा सेन्सर असलेला आणि डोकं वर वळणारा छोटा ऑटो फ्लॅश शोधा.

१९७२ साली आलेल्या या कॅमेऱ्यात टीटीएल, म्हणजे लेन्समधून आलेला फ्लॅशचा प्रकाश मोजण्याची सोय, नाही. साध्या फ्लॅशला हॉट शूच्या (कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेच्या) मधल्या पिनेतून ‘आता पेट’ एवढाच निरोप मिळतो. प्रकाश किती द्यायचा हे एकतर तुम्ही ठरवायचं, नाहीतर फ्लॅशच्या सेन्सरने. टीटी६०० ला असा सेन्सरच नाही. आरतीला कोणी दीड मीटरवर, कोणी तीन मीटरवर उभं असतं. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई, म्हणजे दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). तेवढ्या गर्दीत दर फोटोला हिशेब जमत नाही. ऑटो फ्लॅश परत येणारा उजेड मोजून स्वतःच थांबतो. २८३ मध्ये ही सोय आहे आणि फ्लॅशही दणकट आहे, पण चार पेन्सिल सेल भरल्यावर तो या छोट्या कॅमेऱ्यावर फार जड होतो; शूवर ताण येतो आणि हातात तोल राहत नाही.

(कॅनोनेटसाठीच बनवलेला कॅनोलाइट डी फोकसच्या अंतरावरून अ‍ॅपर्चर जुळवतो. कल्पना सुंदर आहे, पण चांगल्या अवस्थेतला मिळाला तरच घ्या.)

गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा; त्याला अंतराने भागलं की एफ नंबर येतो) मीटरमध्ये, आयएसओ १०० ला २० च्या आसपास पुरे. ४०० च्या रोलवर तो दुप्पट, ४० होतो. ४० भागिले ५ मीटर म्हणजे एफ ८, आणि दहा बाय बाराच्या खोलीत पाच मीटर मागे जायला जागाच नसते. हीच ताकद बाउन्ससाठी, म्हणजे डोकं वर करून छतावरून परतणारा प्रकाश वापरायला, मात्र हवी असते. प्रकाश छतापर्यंत दीड आणि तिथून खाली अडीच असा चार मीटर गेला तर एफ १०. पांढऱ्या छतावर साधारण दोन स्टॉप खर्ची पडतात, उरतो जेमतेम एफ ५. गाइड नंबर १२ च्या फ्लॅशला तिथे एफ ३ वर यावं लागेल. छत रंगीत असेल तर तो रंग चेहऱ्यावर उतरतो, आणि जुन्या चाळीतल्या लाकडी तुळयांच्या छतावर बाउन्सचा नाद सोडा. डोकं वर वळवलं तरी सेन्सर समोरच बघतोय ना, हे घेतानाच तपासा.

लेन्सची रिंग ‘ए’ वर ठेवू नका. ‘ए’ वर मीटर खोलीचा उजेड बघतो आणि तो कमी पडला की शटरच अडकतं. फ्लॅशच्या तक्त्यावरचं अ‍ॅपर्चर हाताने लावा. लीफ शटर (लेन्समधल्या पात्यांचं शटर) असल्यामुळे १/५०० पर्यंत कुठल्याही वेगाला फ्लॅश जुळतो; फोकल प्लेन शटरच्या (फिल्मसमोर पडदे सरकणाऱ्या) लायका एम६ ला ही मर्यादा १/५० आहे. घरात १/३० ठेवलंत तर समईचा आणि माळांचा उजेडही फोटोत येतो. दुपारच्या मिरवणुकीत हाच १/५०० कामाला येतो, डोळ्यांखालच्या काळ्या सावल्या भरायला.

मखरात सेन्सर हमखास फसतो. मागे आरसा, सोनेरी कागद किंवा जरीचं कापड असलं की चकाकी थेट परत येते, फ्लॅश लवकर थांबतो आणि मूर्ती काळवंडते. तिरकं उभं राहा, आणि फ्लॅशच्या तक्त्यावर रोल २०० चा आहे असं धरून येणारं अ‍ॅपर्चर लावा. एक स्टॉप जास्त मिळतो आणि कलर निगेटिव्ह तो सहज पचवतो.

फोर्टच्या बोरा बाजारात किंवा चोर बाजारात जाताना ताजे सेल आणि मल्टिमीटर सोबत न्या. बरीच वर्षं पडून राहिलेल्या फ्लॅशचा कपॅसिटर सुस्तावलेला असतो, म्हणून पाच-सहा वेळा चार्ज करून उडवा. चार्ज व्हायला लागणारा वेळ कमी होत गेला तर ठीक. ताज्या सेलवरही अर्ध्या मिनिटात फ्लॅश तयार झाल्याचा दिवा लागत नसेल तर परत द्या. मग ऑटोवर ठेवून हातभर अंतरावरच्या पांढऱ्या भिंतीवर उडवा: झोत कमजोर हवा आणि दिवा लगेच पुन्हा लागायला हवा. सेन्सरवर बोट ठेवून उडवलं की पूर्ण झोत यायला हवा. दोन्ही वेळा सारखाच झोत आला तर सेन्सर गेलेला आहे.

शेवटी फ्लॅशच्या पायाची मधली पिन आणि कडेचा धातू यांमधला व्होल्टेज मोजा, फ्लॅश पूर्ण चार्ज असताना. जुन्या २८३ मध्ये तो २०० व्होल्टच्या वर निघू शकतो. कॅनोनेटचा यांत्रिक संपर्क ते सोसतो, पण तोच फ्लॅश कधी डिजिटल कॅमेऱ्यावर चढवला तर कॅमेरा जळू शकतो. आकडा कागदावर लिहून फ्लॅशलाच चिकटवा. कव्हर मात्र उघडू नका, आत ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज असतो आणि सेल काढल्यावरही तो बराच वेळ टिकतो.

घरी आल्यावर चार्ज केलेला फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवून कॅमेऱ्याची मागची झडप उघडा, रोल न भरता, लेन्स एफ १.७ वर, वेग १/५००. मागून लेन्समधून पांढऱ्या भिंतीकडे बघत शटर दाबा. पूर्ण गोल उजळलेला दिसला तर सिंक (फ्लॅश आणि शटरची जुळणी) बरोबर आहे. चांदणीसारखा आकार दिसला किंवा काहीच नाही, तर दोष शटरचा आहे; फ्लॅश बदलून तो जाणार नाही.