दोन तासांचा हिशेब

प्रश्न : मी परिचारिका असून गेली नऊ वर्षे प्रसूतीपश्चात कक्षात काम करते. परिचारिका-प्रसाविका (म्हणजे स्वतः बाळंतपण करू शकणारी प्रशिक्षित परिचारिका) ही पदवी घ्यावी असे फार दिवस मनात आहे. परंतु नोकरी सोडणे शक्य नाही, आणि घरी सहा वर्षांचा मुलगा व गुडघेदुखीने बेजार झालेल्या सासूबाई आहेत. अभ्यासाला रोज दोन तास नक्की काढता येतील. तेवढ्यावर निभावेल का?
– एक वाचक

उत्तर : पुस्तकी अभ्यासापुरते बोलायचे तर दोन तास बहुधा पुरतील, कारण स्तनपान, रक्तस्राव, संसर्गप्रतिबंध हा मोठा भाग तुमच्या रोजच्या हातातला आहे. अडचण ज्या बाजूने येते, तिचा उल्लेख मात्र तुमच्या पत्रात नाही. प्रसाविकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या शैक्षणिक मानकांनुसार, आधीच परिचारिका असलेल्यांसाठी हा अभ्यासक्रम किमान १८ महिन्यांचा आणि त्यातला निदान निम्मा भाग प्रत्यक्ष कामाचा असावा लागतो. हा निम्मा भाग रोज दोन तासांच्या तुकड्यांत बसत नाही.

का बसत नाही, ते पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गर्भाशयाचे तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यापासून प्रसूतीची सक्रिय अवस्था धरली जाते. पहिलटकरणीत ती १२ तासांपर्यंत चालू शकते आणि पुढे बाळ बाहेर येईपर्यंत आणखी ३ तास जाऊ शकतात. परिचारिका म्हणून तुम्ही ड्युटी संपताच रुग्ण पुढच्या पाळीकडे सोपवून घरी जाता. शिकणारीने मात्र ऐन वेळी उठून जायचे ठरवले, तर तासन्‌तास कंबर चोळून दिल्यावरही ती प्रसूती तिच्या नोंदवहीत तिने केलेली म्हणून चढणार नाही. शेवटच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी बाळाचे ठोके ऐकायचे असतात. त्या वेळी शाळा सुटायची वेळ झाली म्हणून घड्याळाकडे पाहणे कोणालाच जमत नाही, आणि जमू नये.

म्हणून प्रवेश घेण्याआधी संस्थेला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : रात्री-अपरात्री बोलावणे येते का, अभ्यासक्रम अर्धवेळ करता येतो का, आणि तुमच्याच रुग्णालयातले काम प्रशिक्षणात धरले जाते का. शेवटची सोय मोहक वाटते, पण मी तिच्याबाबत साशंक आहे. ओळखीच्या विभागात कोणी रजेवर गेले की शिकणारीच्या हाती नकळत औषधांचा ट्रे येतो आणि शिकणे बाजूला राहते. शक्य असेल तर जागा वेगळी असावी. तशी नसेल, तर प्रशिक्षणाच्या तासांत तुम्हांला कामगार धरले जाणार नाही, हे वरिष्ठांकडून आधीच लिहून घ्यावे. रात्रपाळीला जोडून प्रशिक्षणाचा दिवस मात्र कधीही घेऊ नये. झोपेविना मोजलेल्या मात्रेत चूक झाली, तर ती भोगणारी व्यक्ती तुम्ही नसता.

घराचा विचारही अशा रात्री डोळ्यांसमोर ठेवूनच करावा. सासूबाईंना मुलाला उचलता येत नसेल, तरी झोपलेल्या मुलाजवळ त्या थांबू शकतील; पण तो तापाने फणफणला, तर धावून येणारे दुसरे माणूस ठरलेले हवे, आणि त्याला ते आधी माहीत हवे. (‘वेळ आली की बघू’ हे उत्तर होकार म्हणून धरू नका.) प्रवेशाच्या महिनाभर आधी दोनदा, पूर्वकल्पना न देता, रात्री अकराला पिशवी घेऊन खरोखर घराबाहेर पडा आणि सकाळी परत या. मुलाने उठल्यावर काय विचारले, डबा कोणी भरला, सासूबाईंची गोळी चुकली का, एवढे टिपून ठेवा. दुसऱ्या खेपेलाही तेच घोटाळे झाले, तर प्रवेश एका सत्राने पुढे ढकलावा.