वाचकांचे प्रश्न : अवजड गाडीचा भार कोणावर?

प्रश्न : इंधन महाग केलं की मोठ्या गाड्यांची हौस आपोआप ओसरेल. मग वजनावर वेगळा कर कशासाठी?

इंधनाचा खर्च थोडाथोडा होत जातो, गाडी घेण्याचा निर्णय मात्र एकदाच होतो. शोरूममध्ये पुढच्या दहा वर्षांच्या पेट्रोलचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. म्हणून वजनावरचा कर नोंदणीच्या वेळीच, एकरकमी आणि ठळक दिसावा. फ्रान्सनं २०२२ मध्ये १,८०० किलोच्या वरच्या प्रत्येक किलोला १० युरो लावले आणि २०२४ मध्ये ही मर्यादा १,६०० किलोवर आणली. दर किलोमागे आहे, हे महत्त्वाचं. टप्पे पाडले की उत्पादक टप्प्याच्या काठाशी येऊन थांबतात. किलोमागे दर असला की वाचवलेल्या प्रत्येक किलोचा फायदा होतो.

अशा कराची मागणी करताना ‘रस्ते खराब होतात’ हा मुद्दा पुढे करू नका. झीज आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, म्हणजे भार दुप्पट झाला तर झीज १६ पट. पण याच नियमानं ट्रक-बसपुढे कोणतीही मोटार नगण्य ठरते आणि समोरचा तेवढ्यावर तुम्हाला गप्प करतो. खरा मुद्दा पादचाऱ्यांच्या जिवाचा आहे. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासात, बॉनेटची कड सुमारे १०२ सेंटिमीटरहून उंच असलेल्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त आढळली. वजनावरच्या करात ही उंची मोजलीच जात नाही. ती वेगळी मोजायला हवी.

प्रश्न : पार्किंगचे दर वाढवून काही साधतं का?

साधतं, पण सवलती कोणाला आहेत ते आधी पाहा. पॅरिसमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून मध्यवर्ती भागात अवजड गाडीला पहिल्या तासाचे १८ युरो पडतात, इतरांना ६. अवजड गाडी सहा तास उभी केली तर २२५ युरो. मात्र आपल्या विभागात गाडी लावणाऱ्या रहिवाशांना हा दर लागत नाही, त्यामुळे रोज रात्री रस्ता अडवणारी मोठी गाडी सुटते. रहिवासी परवान्याचं शुल्कही वजनानुसार हवं.

प्रश्न : विजेच्या गाड्यांना सूट?

थोडी, बॅटरीच्या वजनापुरती. पॅरिसमध्ये पार्किंगच्या वाढीव दरासाठी पेट्रोल-डिझेल गाडीला १.६ टनांची मर्यादा आहे, विजेच्या गाडीला २ टनांची. नॉर्वेनं २०२३ मध्ये विजेच्या गाडीलाही ५०० किलोच्या वर किलोमागे १२.५ क्रोनर लावले. त्या दरानं १,८०० किलोच्या गाडीला १६,२५० क्रोनर.