मुलीला शाळेत थांबू दे

मावशी, नमस्कार.

आम्ही दीड वर्षापूर्वी कनेक्टिकटहून न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत आलो, ते केवळ इथल्या हायस्कूलसाठी. घर घेण्याआधी शाळेबद्दल लोकांनी काय काय लिहिलंय ते सगळं वाचून काढलं होतं. पालकांची मतं एकजात चांगली: शिक्षक उत्तम, एपीचे (हायस्कुलातच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे) विषय भरपूर, मुलं नावाजलेल्या कॉलेजांत जातात. शाळेत अडीच हजार मुलं आहेत. मुलगी आता दहावीत आहे. आधीच्या शाळेत जेमतेम सहाशे मुलं होती. तिथे ती खुशीत असायची, कुठल्याशा क्लबातही होती. इथे मात्र रोज एकच पालुपद, "शाळा खूप मोठी आहे, मला कोणी ओळखत नाही." जेवायच्या सुट्टीत लायब्ररीत जाऊन बसते. मार्कही थोडे घसरलेत.

आता मी मुलांनी लिहिलेली मतं वाचली, तर निम्मी मुलं हिच्यासारखंच बोलतायत. एकाने लिहिलंय, "चार वर्षं काढलीत तरी इथे तुमचं नाव कोणाला कळणार नाही." दुसरी लिहिते, "बँड होता म्हणून शाळा आवडली." मग खरं कोणाचं? नवऱ्याचं म्हणणं, शाळा उत्तम आहे, हिलाच जुळवून घेता येत नाही. मला वाटतं, घर विकून लहान शाळेच्या गावात जावं, नाहीतर खासगी शाळेत घालावं. फी वर्षाला ४० हजार डॉलरच्या वर आहे, पण करू काहीतरी. मी माझ्याकडून काही कमी पडू देत नाही. रोज स्वतः आणायला जाते. २:४० ला शाळा सुटते, २:४५ ला आम्ही गाडीत असतो, साडेतीनला तिचा गणिताचा क्लास असतो. काय करू?

– गोंधळलेली आई

*

अगं, २:४५. तुझ्या पत्रातली कामाची गोष्ट ती एवढीच, आणि ती तू अगदी शेवटी, स्वतःच्या बाजूची साक्ष म्हणून लिहिलीस.

शाळा सुटल्यावर पाच मिनिटांत मुलगी गाडीत. रोज. दीड वर्ष. म्हणजे ज्या शाळेसाठी तुम्ही गाव बदललंत, ती शाळा तुझ्या मुलीने अजून धड पाहिलेलीच नाही. आणि पाहू देत नाहीस ती तू. कडक वाटेल, वाटू दे.

तू आणि मी ज्या शाळांत शिकलो, तिथे दहावी ब वर्षभर एकाच खोलीत बसायची. तास बदलला की बाई बदलायच्या, आपण जागेवरच. शेजारणीशी पटो न पटो, जूनपासून एप्रिलपर्यंत तिच्याच बाकावर. डबा तिथेच उघडायचा, लोणच्याची फोड तिथेच वाटून घ्यायची, रुसवे-फुगवेही तिथेच. मैत्री करायला कुठे जावं लागत नव्हतं. म्हणून आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की शाळा म्हणजे पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत. त्यानंतर घर, दूध, क्लास.

इथल्या हायस्कुलात शिक्षक आपल्या खोलीत असतात आणि मुलं फिरतात. पहिल्या तासाला बायॉलॉजीत जे चेहरे होते, त्यातले दोन-चार दुसऱ्या तासाला जॉमेट्रीत भेटले तर नशीब. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. दोन तासांच्या मधे चार-पाच मिनिटं, तेवढ्यात अडीच हजार मुलांनी पाठीवर दप्तर घेऊन इमारतीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचायचं. दहावीत जी शेजारी बसली, ती अकरावीत एकाही तासाला नसेल. कोणाशी सलग चार वाक्यं बोलता येतील अशी दिवसातली जागा म्हणजे कॅफेटेरिया, आणि तिथे ज्याचं टेबल ठरलेलं नाही त्याने कुठे बसायचं? मी इथल्या शाळांमधे बरीच वर्षं बदली शिक्षिका म्हणून जात होते. डबा घेऊन लायब्ररीत येणारी मुलं मी जवळून पाहिली आहेत. वाचायला येणारी त्यांत फार थोडी. बाकीची पुस्तक उघडं ठेवून घड्याळाकडे बघत असतात. तुझी मुलगी लायब्ररीत बसते हे तू एका ओळीत उरकलंस आणि लगेच मार्कांकडे वळलीस.

जेवणाची टेबलं ठरतात ती शाळा सुटल्यानंतर. आत्ता, फेब्रुवारीच्या तोंडावर, बहुतेक हायस्कुलांत मार्चमधल्या म्युझिकलची, म्हणजे संगीत नाटकाची, तयारी चालू असते. दुपारी तीनला प्रेक्षागृहात जाऊन बघ. स्टेजवर प्लायवूड पसरलेलं असतं, बारावीचा मुलगा नववीतल्या मुलीला ड्रिल कसं धरायचं ते दाखवत असतो, कोणाच्या तरी केसांना निळा रंग लागलेला असतो, आणि पिझ्झा कोणी मागवायचा यावर जोरात वाद चाललेला असतो. पंचवीस-तीस मुलं असतात. सगळ्यांना सगळ्यांची नावं माहीत असतात. तीच मुलं दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत एका टेबलाला बसतात. अडीच हजारांची शाळा रोज दुपारी अशी लहान लहान होते. कुठे बँड, कुठे रोबॉटिक्स, कुठे वार्षिकांक, कुठे क्रॉस कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याचं धावणं. आणि ती लहान व्हायला लागते नेमक्या त्या वेळी, जेव्हा तू दाराशी गाडी सुरू ठेवून उभी असतेस.

आता तुझा प्रश्न, खरं कोणाचं. पालकांचंही खरं आणि मुलांचंही. पालकांनी शाळा बाहेरून पाहिलेली असते. निकाल, एपीची यादी, कॉलेजांची नावं, आणि घराची किंमत. इथल्या शाळा बऱ्याच अंशी गावाच्या मालमत्ता करावर चालतात, न्यू जर्सीत हा कर देशात सर्वांत जास्त असलेल्यांपैकी आहे, आणि चांगल्या शाळेच्या नावावर घराला भाव येतो. एवढा पैसा ओतल्यावर शाळेला वाईट कोण म्हणेल? रेटिंगचे आकडेही मोठ्या प्रमाणात परीक्षांच्या निकालांवर बेतलेले असतात. लायब्ररीत एकटी बसून जेवणारी मुलगी त्या आकड्यात कुठेही मोजली जात नाही.

आपल्या शेजारच्या वेस्ट विन्झर-प्लेन्सबरो या स्कूल डिस्ट्रिक्टचं २०१५ मधलं प्रकरण तू ऐकलं असशील. तिथल्या सगळ्या शाळांचे प्रमुख, सुपरिंटेंडंट डेव्हिड एडरहोल्ड यांनी मुलांवरच्या ताणाबद्दल पालकांना लांबलचक पत्र लिहिलं, हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, गृहपाठ नसलेल्या रात्री ठरवून दिल्या. पालकांत उभी फूट पडली. त्यात आपल्यासारख्या घरांतले कितीतरी आईबाप चिडून म्हणत होते की शिक्षणाची पातळी खाली आणताय. बातमी देशभर गेली. मोठ्या माणसांचं शाळेबद्दलचं मत असं अभ्यासापाशी सुरू होतं आणि बहुधा तिथेच संपतं.

मुलांची मतं तू वाचलीस, पण रेटिंगचे तारे मोजत वाचलीस. पुन्हा वाच. तू स्वतःच दिलेली दोन वाक्यं घे. एक म्हणतो, नाव कोणाला कळणार नाही. दुसरी म्हणते, बँड होता म्हणून शाळा आवडली. शाळा तीच, इमारत तीच, शिक्षक तेच. दुसरी तीननंतर थांबत होती. पहिला थांबत होता का, ते शोधायची गरज मला तरी वाटत नाही.

लहान शाळेत ती खुश का होती, तेही सांगते. १९६४ मध्ये रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅन्ससमधल्या हायस्कुलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. अगदी चिमुकल्या शाळांपासून दोन हजारांहून जास्त मुलांच्या शाळेपर्यंत. मोठ्या शाळेत उपक्रम जास्त होते, पण भाग घेण्यात आणि जबाबदारीची कामं अंगावर घेण्यात लहान शाळेतली मुलं पुढे होती. उघड आहे. सहाशे मुलांच्या शाळेत नाटक करायचं तर पडदा ओढायला माणूस कमी पडतो, मग कोणीतरी तुमच्या मुलीला हाताला धरून नेतं. अडीच हजारांत ती गेली नाही तर जागा रिकामी राहत नाही, दुसरं कोणी येतं. तिथे तिला बोलावलं जात होतं, इथे तिला आपल्या पायांनी जावं लागेल. सोळाव्या वर्षी अनोळखी खोलीचं दार ढकलणं अवघड असतं. खाली आई वाट बघतेय, क्लासला उशीर होतोय, हे कारण हाताशी असलं तर कोण ढकलेल? बिचारीला तू रोज ते कारण पुरवते आहेस.

शाळेने लक्ष द्यायला हवं असं म्हणशील. हवंच. पण शाळेतल्या समुपदेशकांच्या, म्हणजे काउन्सेलरांच्या, राष्ट्रीय संघटनेची शिफारसच मुळी २५० मुलांमागे एक अशी आहे. त्या अडीचशेतल्या कोणाचं नाव जेवणाच्या टेबलावर कोणी घेत नाही, हे त्या बाईंना कळायचं कसं?

घर विकायचं मनातून काढून टाक. येत्या वर्षी अकरावी, म्हणजे एसएटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा, एपी, कॉलेजची धावपळ, त्यात तिला तिसरी शाळा नको. खासगी शाळेचंही राहू दे. आणि नवऱ्याला सांग, जुळवून घ्यायला माणसं लागतात, ती भेटायची वेळ आपणच क्लासला देऊन टाकली आहे.

तू करायचं ते एकच. सोमवारपासून २:४० ला आणायला जाऊ नकोस.

साडेतीनचा क्लास बंद कर. संध्याकाळी सातनंतर किंवा शनिवारी मिळाला तर बघ, नाही मिळाला तर गणित शाळेतल्या शिक्षकांना विचारू दे, ते बहुतेक ठिकाणी शाळा सुटल्यावर मुलांसाठी थांबतात. शाळेच्या ऑफिसात फोन करून उशिराची बस आहे का विचार. बऱ्याच डिस्ट्रिक्टांत असते, कुठे रोज, कुठे आठवड्यातले काही दिवस, आणि ती दारात सोडत नाही, नाक्यावर सोडते. हायस्कूलच्या मुलाचं घर अडीच मैलांच्या आत असेल तर बस देणं शाळेला कायद्याने बंधनकारक नाही. तुमचं तसं असेल तर पाच वाजता जाऊन आण. पाचच्या आधी नको.

तिला सांगताना भाषण देऊ नकोस. "सोमवारपासून मी पाचला येईन, तोवर तुझा वेळ तुझा," एवढं पुरे. काय कर हे सुचवूही नकोस. तुझ्या तोंडून डिबेट निघेल, मॉडेल यूएन (संयुक्त राष्ट्रांच्या सभेची नक्कल) निघेल, कॉलेजच्या अर्जात काय बरं दिसेल ते निघेल, आणि तिच्या लगेच लक्षात येईल की हा आणखी एक क्लासच आहे. आधीच्या शाळेत ती "कुठल्याशा" क्लबात होती असं तू लिहिलंस. कुठला, ते तिला विचार आणि नीट ऐक. नाटकाच्या पडद्यामागच्या कामाला आणि क्रॉस कंट्रीला बहुतेक शाळांत निवड चाचणी नसते, जो येईल त्याला घेतात, हे तिला बहुधा ठाऊक असेल. नसेल तर कोणीतरी सांगेल, तू नको.

पहिला आठवडा वाईट जाईल. ती लायब्ररीतच बसून राहील, सव्वातीनला मेसेज करेल, "मॉम, ये ना, इथे काहीच नाहीये." तुझा जीव तुटेल, किल्ल्या हातात घेशील. ठेव त्या खाली. पाचला जा. गाडीत बसल्यावर कोण भेटलं, काय केलं, असं विचारू नकोस. खायला काहीतरी गरम घेऊन जा, भूक लागलेली असते त्या वेळी.

मार्क आणखी थोडे घसरले तर घसरू देत. दीड वर्ष एकटीने जेवलेल्या मुलीचं गणित क्लासने सुधारलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

क्लासच्या सरांना आजच फोन कर. पुढच्या महिन्याची फी भरायची राहिली असेल तर ती भरूच नकोस, आणि भरली असेल तर ती बुडाली असं समज, पण त्या पैशांसाठी तिला अजून महिनाभर तिथे पाठवू नकोस.

– मावशी