औषध कंपन्या वादग्रस्त उपचारांचा प्रचार करायला तज्ज्ञ डॉक्टरांना विकत घेतात का?

काही जण विकले जात असतीलही. पण बहुतेक वेळा तशी गरजच पडत नसावी, असं माझं मत आहे. कंपनीला हवं तेच मनापासून मानणारा एखादा नावाजलेला डॉक्टर आधीच असतो. त्याला हेरायचं, मानधन द्यायचं आणि व्यासपीठ मिळवून द्यायचं. या धंद्यात अशांना 'की ओपिनियन लीडर' म्हणतात.

अमेरिकेतलं ऑक्सिकॉन्टिन बघा. पर्ड्यू फार्माने 1996 मध्ये ही अफूवर्गीय वेदनाशामक गोळी बाजारात आणली. कॅन्सरच्या रुग्णांपुरती ती राहिली असती तर एवढा वाद झालाच नसता. कंपनीला मात्र जुनाट पाठदुखीचे रुग्णही हवे होते, आणि तिथे डॉक्टर व्यसनाच्या भीतीने हात आखडता घेत होते. ही भीती विक्री प्रतिनिधीच्या सांगण्याने थोडीच जाणार! म्हणून 2001 पर्यंत 40 हून अधिक परिषदा झाल्या, सगळा खर्च कंपनीचा. 5,000 हून जास्त डॉक्टर, फार्मासिस्ट आणि नर्स तिथे येऊन गेले, आणि त्यांतूनच पुढचे वक्ते तयार केले गेले.

वक्त्यांच्या हाती पुरावा काय होता? 1980 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापलेलं जेमतेम पाच वाक्यांचं पत्र. रुग्णालयात दाखल असताना अशी औषधं मिळालेल्या 11,882 जणांपैकी चौघांनाच व्यसन लागल्याची नोंद आहे, एवढंच त्यात होतं. घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल अवाक्षर नाही. तरी 'व्यसनाचा धोका एक टक्क्याहून कमी' हे वाक्य व्याख्यानाव्याख्यानांतून फिरत राहिलं. वेदनाशास्त्रातलं बडं नाव असलेले रसेल पोर्टेनॉय यांनी, आपण दिशाभूल होईल असं शिकवलं, हे 2012 मध्ये स्वतःच मान्य केलं.

मला सगळ्यात धक्कादायक वाटते ती 'छद्म-व्यसना'ची कल्पना. रुग्ण व्यसन्यासारखा वागतोय? मग त्याचं दुखणं अजून थांबलेलं नाही, डोस वाढवा! 1989 मधल्या मूळ लेखाला आधार होता एकाच रुग्णाचा, 17 वर्षांच्या ल्युकेमियाग्रस्त मुलाचा. त्या लेखाचे एक लेखक, डेव्हिड हॅडॉक्स, पुढे पर्ड्यूमध्येच नोकरीला लागले.

अमेरिकेत 2010 च्या कायद्यामुळे कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेले पैसे आता 'ओपन पेमेंट्स' या सरकारी संकेतस्थळावर नावानिशी शोधता येतात. तिथे नाव सापडलं म्हणून तो डॉक्टर खोटं बोलतोय असं लगेच धरू नका. तो ज्या अभ्यासाचा हवाला देतो, तो मात्र मुळातून काढून वाचा: रुग्ण किती होते, कोणते होते आणि किती काळ पाहिले.