फॉर्म्युला वन, रॅली, नॅस्कार की ल माँ : खरी रेसिंग कोणती?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा : मित्रांमध्ये वाद पेटलाय. एकाच्या मते फॉर्म्युला वन म्हणजे महागड्या गाड्यांची मिरवणूक. दुसरा म्हणतो, नॅस्कारमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या त्या बहुतेक अंडाकृती ट्रॅकवर होणाऱ्या शर्यतींत, डावीकडे वळण्यापलीकडे काही घडतच नाही. तिसऱ्याचं म्हणणं, रॅलीत प्रतिस्पर्धी समोर दिसत नाही, मग तिला शर्यत म्हणायचं तरी कशाला? आणि तुम्ही स्वतः फक्त फॉर्म्युला वन बघता, तर पुढे काय बघावं तेही तुम्हाला हवंय.

मी हे सगळंच आवडीने बघत आलोय, त्यामुळे हा वाद मला तोंडपाठ आहे. जो तो दुसऱ्याचा खेळ स्वतःच्या खेळाच्या मापाने मोजतो, आणि ते माप बहुतेक वेळा 'ओव्हरटेक किती झाले' एवढंच असतं. मी वेगळं विचारतो : इथे माणूस हरतो कशामुळे? प्रत्येक प्रकारात याचं उत्तर निराळं येतं आणि त्या प्रकाराची खरी गंमत त्या उत्तरात सापडते.

मिरवणुकीचा आरोप आधी घेऊ, कारण तिन्हींत तोच सगळ्यात खरा आहे. 2024 ची मोनॅको ग्रां प्री आठवा. पहिल्याच लॅपला मोठा अपघात, लाल झेंडा, शर्यत थांबली. त्या थांब्यात सगळ्यांनी टायर बदलून घेतले, म्हणजे नियमाप्रमाणे एकदा तरी टायर बदलायची जी सक्ती असते ती फुकटात उरकली. मग उरलेला सगळा वेळ जो तो टायर जपत गाडी हाकत राहिला आणि पहिले 10 जण ज्या क्रमाने ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, उभे होते, त्याच क्रमाने शेवटची रेषा ओलांडून आले. फॉर्म्युला वनच्या इतिहासात असं पूर्वी कधी झालं नव्हतं. पुढच्या वर्षी तिथे किमान दोन पिट स्टॉप, म्हणजे टायर बदलायचे थांबे, सक्तीचे केले. तर काही संघांनी आपल्याच एका ड्रायव्हरला मुद्दाम रेंगाळायला लावून मागची रांग अडवली आणि दुसऱ्याला पिट स्टॉपपुरतं अंतर मिळवून दिलं. नियम करणाऱ्यांच्या आधी पळवाट काढणारे जागे असतात, दुसरं काय!

पण मोनॅको हरायची असते ती शनिवारी. 3.337 किलोमीटरचा ट्रॅक, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, आणि क्वालिफाइंगचा, म्हणजे रविवारच्या शर्यतीतली सुरुवातीची जागा ठरवणारा, एक लॅप. स्विमिंग पूलजवळच्या वळणांत चाक कठड्याच्या किती जवळून जातं ते ऑनबोर्ड कॅमेऱ्यातून बघा. बोटभर आधी वळला तर सस्पेन्शन तुटतं, बोटभर लांब राहिला तर वेळ जातो. रविवारचा कार्यक्रम म्हणजे शनिवारच्या निकालाचं जाहीर वाचन.

बाकीच्या ट्रॅकवरही ओव्हरटेक अवघड जातो, त्याचं कारण हवा. पुढच्या गाडीने घुसळून टाकलेली हवा मागच्या गाडीच्या वाट्याला येते, तिचा डाउनफोर्स (गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोर) घटतो, वळणात ती घसरते आणि घसरण्याने टायर तापतात. यावर 2011 मध्ये डीआरएस आणलं : मागचा एका सेकंदाच्या आत आला की त्याला मागचा पंख उघडायची मुभा. ओव्हरटेकचा आकडा वाढला, हे मान्य. पण सरळ रस्त्यावर मधेच आरामात बाजूने निघून जाणारी गाडी बघून मला कधी उठून उभं राहावंसं वाटलं नाही. 2026 पासून डीआरएस गेलं आणि हलणारे पंख सगळ्यांनाच मिळाले, तरी मागून येणाऱ्याला जास्तीची वीज देण्याची सवलत आहेच. म्हणजे दुखणं तेच, औषध नवं.

शिवाय फॉर्म्युला वनमध्ये अर्धी शर्यत कारखान्यात होते, हे तिच्या चाहत्यांनी निमूट कबूल करावं. 2023 मध्ये रेड बुलने 22 पैकी 21 शर्यती जिंकल्या, त्यातल्या 19 त्यांचा ड्रायव्हर व्हर्स्टॅपन याने एकट्याने. बाकीचे ड्रायव्हर अचानक गाडी चालवायला विसरले नव्हते. त्यांचे संघ हिवाळ्यातच हरले होते. ज्याला इंजिनिअरांची चुरस आवडते त्याला असा हंगामही रुचतो. ज्याला फक्त माणसांची चुरस हवी आहे त्याने इथे येऊन कुरकुर करण्यात अर्थ नाही.

आता ते डावीकडे वळणं. या आरोपाला माझ्याकडे एक नाव आहे : शेन व्हॅन गिसबर्गन. हा न्यूझीलंडचा गडी, ऑस्ट्रेलियातल्या सुपरकार्स मालिकेचा तीन वेळचा विजेता. 2023 मध्ये शिकागोच्या रस्त्यांवर नॅस्कार कप या तिथल्या मुख्य मालिकेतली आपली पहिलीच शर्यत खेळला आणि जिंकला. भल्याभल्यांना त्याने उजवं-डावं कसं वळायचं ते शिकवलं म्हणा ना. मग 2025 मध्ये तो कप मालिकेत पूर्ण हंगाम उतरला आणि त्याने 5 शर्यती जिंकल्या. पाचही रोड किंवा स्ट्रीट सर्किटवर. ओव्हलवर, म्हणजे अंडाकृती ट्रॅकवर, एकही नाही. 'नुसतं डावीकडे' वळणं इतकं सोपं असतं, तर हंगामातल्या बहुतेक शर्यती ज्या ओव्हलवर होतात तिथे या माणसाला कोण अडवणार होतं?

अडवते ती पुन्हा हवाच, पण उलट्या बाजूने. डेटोना आणि टॅलाडेगा हे दोन मोठे ओव्हल घ्या : डेटोनाची वळणं 31 अंशांनी कललेली, टॅलाडेगाची 33. चाळीसेक गाड्या ताशी 300 किलोमीटरच्या आसपास एकमेकींना चिकटून पळतात. पुढच्या गाडीच्या आडोशाला मागचीला हवेचा रोध कमी लागतो, आणि मागे गाडी असली की पुढचीलाही फायदा होतो. त्यामुळे एकामागे एक लागलेल्या दोन गाड्या एकट्या गाडीपेक्षा वेगाने जातात. याचा अर्थ रांग सोडून एकट्याने बाहेर पडणं म्हणजे आत्मघात. तुम्ही पुढे जायला गाडी बाहेर काढता, मागचा तुमच्या मागे आला तर दोघं पुढे. तो आला नाही, तर बघता बघता दहा-बारा जागा खाली. आणि तो मागचा कोण, तर बहुधा तुमचा प्रतिस्पर्धी! शेवटच्या लॅपला तो तुम्हाला ढकलत पुढे नेणार की ऐन वेळी हात दाखवणार, याचा हिशेब करत गाडी चालवायची. वर स्टँडच्या माथ्यावर उभा असलेला स्पॉटर कानात सतत सांगत असतो, आत एक आहे, अजून आहे, अजून आहे, गेला. ड्रायव्हरला गाडीतून बाजूचं नीट दिसतही नाही. माणूस इथे हरतो तो एकटा पडल्यामुळे.

आणि शेवटच्या रेषेवरची चुरस हवी असेल तर 2024 ची कॅन्ससची शर्यत बघा : काइल लार्सनने ख्रिस बुशरला 0.001 सेकंदाने हरवलं. कपच्या इतिहासातला सगळ्यात कमी फरक. तरीही मला नॅस्कारची एक गोष्ट पटत नाही. शर्यतीचे टप्पे पाडून मधे पिवळा झेंडा दाखवून वेग कमी करायला लावायचा आणि सगळ्यांना पुन्हा एकत्र गोळा करायचं, यात आधी कमावलेली आघाडी पाण्यात जाते. नाट्य वाढतं, न्याय कमी होतो.

रॅलीबद्दल मी पक्षपाती आहे, आधीच सांगून ठेवतो. समोर कोणी नाही ही गोष्ट खरी. गाड्या काही मिनिटांच्या अंतराने एकेक सुटतात आणि रस्त्याच्या प्रत्येक टप्प्याची, म्हणजे स्टेजची, वेळ मोजली जाते. पण बाकी सगळे प्रकार एकच वळण पन्नास-साठ वेळा घेऊ देतात. रॅलीत शर्यतीच्या आधी तोच रस्ता मर्यादित वेगाने दोनदा बघायला मिळतो, तेवढ्यात नोट्स लिहायच्या, आणि मग जंगलातून, दरीच्या कडेने, त्या वहीवर विश्वास टाकून सुटायचं. 'डावं पाच, शंभर, उंचवट्यावरून उजवं तीन, कापू नको, आत दगड.' आकडा मोठा तितकं वळण सौम्य, आणि शंभर म्हणजे पुढच्या वळणापर्यंतचे मीटर. शेजारी बसलेला को-ड्रायव्हर हे वाचतो तेव्हा ते वळण दिसतही नसतं. तो वाचत असतो पुढचं, ड्रायव्हर चालवत असतो आधीचं, आणि दोघांमधलं ते अंतर सेकंदाने चुकलं तरी गाडी झाडात. वहीत 'चार'च्या जागी 'पाच' पडलं की संपलं. दोन माणसं मिळून एक ड्रायव्हर होतो, असं दुसरीकडे कुठे आहे?

अंतर किती कमी राहतं म्हणाल, तर 2011 च्या जॉर्डन रॅलीत सगळ्या स्टेज संपल्यावर ओजिए हा ड्रायव्हर लात्वाला या दुसऱ्या ड्रायव्हरच्या पुढे होता तो 0.2 सेकंदाने. प्रतिस्पर्धी दिसत नसताना! लपवाछपवीही आहे, नाही असं नाही. खडीच्या रस्त्यावर पहिल्या गाडीला सुटी खडी झाडत जावं लागतं, मागच्यांना साफ रस्ता मिळतो. म्हणून त्या काळी काही जण स्टेजच्या शेवटी मुद्दाम हळू होऊन दुसऱ्या दिवसाचा क्रम आपल्या सोयीचा करून घ्यायचे. शर्यतीत मुद्दाम हळू जाणं! रॅलीवाल्यांना चिडवायचं असेल तर मित्रांना हा मुद्दा द्या, प्रतिस्पर्धी न दिसण्याचा नको.

'मग फॉर्म्युला वनवाले येऊन रॅली सहज जिंकतील', असंही कोणीतरी म्हणतंच. 2007 चा फॉर्म्युला वन विश्वविजेता किमी रायकोनेन 2010 आणि 2011 अशी दोन वर्षं रॅलीत होता, पाचव्या क्रमांकाच्या वर कधी गेला नाही. उलट दिशेने, रॅलीचा नऊ वेळचा विश्वविजेता लोब 2006 मध्ये ल माँच्या, म्हणजे फ्रान्समधल्या 24 तासांच्या शर्यतीत दुसरा आला. यावरून लगेच 'रॅलीवाले श्रेष्ठ' असा झेंडा फडकवू नका. लोब फॉर्म्युला वनची एकही शर्यत खेळलेला नाही. आणि दोनदा फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झालेला, ल माँही जिंकलेला आलोन्सो 2019 मध्ये अमेरिकेतल्या ओव्हलवरच्या इंडियानापोलिस 500 साठी पात्रसुद्धा ठरला नव्हता. कौशल्य एका प्रकारातून दुसऱ्यात जातं, पण सगळं सामान बरोबर नेता येत नाही.

ल माँला गेल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. 24 तास, गाडीमागे तीन ड्रायव्हर, रात्र, पाऊस, वेगवेगळ्या गटांतल्या वेगवान आणि संथ गाड्या एकाच ट्रॅकवर. 2016 मध्ये टोयोटा आघाडीवर होती, शेवटची काही मिनिटं उरली होती आणि काझुकी नाकाजिमाने रेडिओवर सांगितलं की पॉवर गेली. गाडी पिटच्या समोरच, सुरुवातीची रेषा ओलांडून थांबली. मागून पोर्शे आली आणि जिंकली. टोयोटाने कसाबसा शेवटचा लॅप पुरा केला, पण त्याला नियमापेक्षा जास्त वेळ लागल्यामुळे तिला दुसरा क्रमांकही मिळाला नाही. 23 तास 55 मिनिटं बरोबर करूनही हरता येतं, हे फक्त इथेच. ल माँवर मोठा आक्षेप असा की गाड्यांचं वजन आणि ताकद आयोजक ठरवून सगळ्यांना बरोबरीत आणतात. आक्षेप रास्त आहे. पण त्याशिवाय इतके कारखाने एकत्र उतरले नसते, त्यामुळे मी ते गोड मानून घेतो.

मोटारसायकलवाले म्हणतील आम्हाला विसरलात. विसरलो नाही. 2006 मध्ये मोटोजीपी या मोटारसायकलींच्या सर्वोच्च मालिकेत, पोर्तुगालच्या एस्टोरिलला टोनी एलियासने रोसीला 0.002 सेकंदाने हरवलं, आणि हंगामाच्या शेवटी रोसीचं विजेतेपद 5 गुणांनी हुकलं. ती शर्यत जिंकली असती तर नेमके तेवढेच गुण वाढले असते, आणि बरोबरीत जास्त विजयांमुळे किताब त्याचाच होता. चाकांपेक्षा माणसाचं अंग जास्त बोलतं अशी रेसिंग हवी असेल तर मोटोजीपीला तोड नाही. आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी या मोटारसायकल शर्यतीचं मात्र मी कोणाला 'बघाच' म्हणत नाही. 60 किलोमीटरचा गावांतून, दगडी भिंतींमधून जाणारा रस्ता, आणि त्या रस्त्यावर सगळ्या शर्यती मिळून आजवर 260 हून जास्त स्पर्धकांचा बळी. थरार आहे, पण तो 'कोणती रेसिंग चांगली' या वादात एक मुद्दा म्हणून वापरणं मला जड जातं.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ईला आवाज नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. ड्रॅग रेसिंग टीव्हीवर बघण्यात काही हशील नाही.

तर मला विचाराल तर ड्रायव्हरची कसोटी म्हणून रॅली पहिली, डावपेचांसाठी नॅस्कारचे मोठे ओव्हल, आणि फॉर्म्युला वन तंत्रज्ञानासाठी आणि शनिवारसाठी. तुम्ही सुरुवात रॅलीच्या पॉवर स्टेजने करा. रविवारची ती शेवटची स्टेज असते, जादा गुण असतात, त्यामुळे कोणी हात राखून चालवत नाही. ऑनबोर्ड लावा, समालोचन बंद करा आणि फक्त को-ड्रायव्हर ऐका. तो जे बोलतो ते वळण पडद्यावर यायला किती वेळ लागतो, एवढंच मोजत राहा. जूनमध्ये ल माँ लागेल तेव्हा अख्खे 24 तास बसायची गरज नाही; पहाटेचे दोन तास आणि शेवटचा एक तास बघितलात तरी चालेल.